आरोग्य अर्थशास्त्र आणि अर्थमिती एकाच वर्गात शिकवा: अभ्यास मंडळांना खुले पत्र

विद्यापीठांच्या अर्थशास्त्र अभ्यास मंडळांचे सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाची फेररचना निघाली की आरोग्य अर्थशास्त्राच्या पेपरवर चर्चा होते. तो अनिवार्य ठेवायचा की ऐच्छिक, श्रेयांक किती द्यायचे, कोणत्या सत्रात घालायचा. माझी विनंती या सगळ्याच्या अलीकडची आहे. आज हा पेपर आणि उपयोजित अर्थमितीचा, म्हणजे आकडेवारीवरून आर्थिक प्रश्नांची उत्तरं काढण्याच्या पद्धतींचा, पेपर वेगवेगळे शिक्षक शिकवतात, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या निघतात आणि एका वर्गात काय झालं याचा दुसऱ्या वर्गाला पत्ता नसतो. विद्यार्थी इकडे विम्याची मागणी, माहितीतली विषमता, डॉक्टर आणि रुग्णाचं नातं शिकतो. तिकडे तोच विद्यार्थी शिक्षण आणि पगाराच्या आकड्यांवर रिग्रेशन चालवतो, म्हणजे त्यांचा संबंध समीकरणाने मोजतो. हे दोन्ही एकत्र आणा. अर्थमितीच्या पद्धती आरोग्याच्या प्रश्नांमधून शिकवा आणि आरोग्याचे प्रश्न आकडेवारीला हात घालून शिकवा, एवढ्यासाठी हे पत्र आहे.

मी आरोग्यखर्चाच्या आकडेवारीवर काम करते, शिकवते आणि प्रबंधही तपासते. या फारकतीचा परिणाम मला तिथे दिसतो. एक नमुना तर वारंवार समोर येतो. विद्यार्थ्याने घरोघरच्या पाहणीची आकडेवारी घेतलेली असते. विमा असलेल्या कुटुंबांत रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण जास्त निघतं. वय, उत्पन्न, शिक्षण सगळं समीकरणात घातलेलं असतं, गुणांकापुढे संबंध संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थक असल्याची खूण म्हणून तीन तारे असतात, आणि निष्कर्ष लिहिलेला असतो की विम्यामुळे लोक गरज नसताना दाखल होतात. तोंडी परीक्षेत मी विचारते, विमा कोण काढतं? विद्यार्थी क्षणभर थांबतो आणि स्वतःच उत्तर देतो, ज्याला आजारपणाची शक्यता जास्त वाटते तो. यालाच प्रतिकूल निवड म्हणतात, आणि तिच्यावर त्याने आदल्याच सत्रात उत्तम उत्तर लिहिलेलं असतं. म्हणजे ज्ञान त्याच्याकडे आहे. पण ते दुसऱ्या पेपरातलं असल्यामुळे समीकरण मांडताना त्याला ते आठवत नाही. यात विद्यार्थ्याचा दोष मला दिसत नाही. आपण त्याला तसंच शिकवलं आहे.

आरोग्याच्या क्षेत्रात हा तुटकपणा फार महागात पडतो. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ मध्ये वैद्यकीय सेवेच्या बाजाराची वैशिष्ट्यं मांडली. आजार कधी येईल याची खात्री नाही, उपचाराने बरं वाटेल याचीही नाही, आणि कोणता उपचार हवा हे रुग्णापेक्षा डॉक्टरला जास्त कळतं. आता हेच वर्णन आकडेवारीच्या नजरेने वाचा. उपचार कुणालाही योगायोगाने मिळत नाहीत. जो जास्त आजारी, त्याला जास्त उपचार. जो जागरूक, तो लवकर येतो. ज्याच्याकडे पैसा आहे, तो चांगल्या रुग्णालयात जातो. डॉक्टर समोरच्या रुग्णाचा चेहरा बघून जे ठरवतात, ते कोणत्याही फायलीत उतरत नाही. अतिदक्षता विभागात साध्या वॉर्डपेक्षा जास्त रुग्ण दगावतात म्हणून कुणी तो विभाग बंद करा असं म्हणणार नाही. पण हीच तुलना थोडी आडून आली, म्हणजे ‘अमुक औषध घेणारे आणि न घेणारे’ किंवा ‘तपासणी शिबिराला आलेले आणि न आलेले’ अशा रूपात आली, की शिकलेली माणसंही फसतात. अ‍ॅरो यांचा सिद्धांत आणि निवडीतून येणारा पूर्वग्रह या एकाच वस्तुस्थितीच्या दोन बाजू आहेत. त्या दोन सत्रांत वाटून शिकवण्याचं कोणतंही शैक्षणिक कारण मला सापडत नाही.

माझ्या हातात असेल तर मी पहिल्याच तासाला लंडनचा कॉलरा शिकवीन. १८५४च्या साथीच्या वेळी दक्षिण लंडनच्या काही भागांत एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. लॅम्बेथ कंपनीने १८५२ मध्ये आपली पाणी उपसण्याची जागा थेम्स नदीच्या वरच्या अंगाला, शहराच्या सांडपाण्यापासून लांब नेली होती. साउथवार्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहराची घाण मिसळलेलं पाणीच उचलत राहिली. शेजारी शेजारी घरं, तीच हवा, तशाच गरीब-श्रीमंत माणसांची सरमिसळ, आणि पाणी तेवढं वेगळं. डॉक्टर जॉन स्नो यांनी दर १०,००० घरांमागे मृत्यू मोजले. साउथवार्क अँड वॉक्सहॉलच्या घरांत ३१५, लॅम्बेथच्या घरांत ३७, उरलेल्या लंडनमध्ये ५९. आधीच्या, १८४९च्या साथीत दोन्ही कंपन्या घाण पाणीच पुरवत होत्या, त्यामुळे आधीची आणि नंतरची अशी दुहेरी तुलनाही करता येते. आज ज्याला आपण डिफरन्स-इन-डिफरन्सेस म्हणतो, त्याचा गाभा इथे आहे, आणि त्यासाठी एकही समीकरण लिहावं लागत नाही.

पण मला विद्यार्थ्यांना यातली आणखी एक गोष्ट दाखवायची असते. कोणत्या घरात कोणत्या कंपनीचं पाणी येतं, हे अनेक भाडेकरूंना माहीतच नव्हतं. पाण्याचे पैसे घरमालक भरत असे. स्नो घरोघर गेले. जिथे उत्तर मिळालं नाही तिथून त्यांनी छोट्या कुपीत पाणी घेतलं आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घातलं. साउथवार्क अँड वॉक्सहॉलच्या पाण्यात मिठाचं प्रमाण खूप जास्त होतं, त्यामुळे ते पाणी लगेच दाट पांढरं होई. लॅम्बेथचं पाणी जेमतेम गढुळे. एका स्तंभातली रिकामी जागा भरण्यासाठी केलेला हा उद्योग आहे. आपला विद्यार्थी आज अशा ठिकाणी ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून ती नोंद गाळून टाकतो, कारण आकडेवारी कुठून येते हे त्याला आपण कधी दाखवलेलंच नसतं.

यानंतर प्रयोगांकडे यावं. अमेरिकेतला रँड आरोग्यविमा प्रयोग १९७४ ते १९८२ या काळात झाला. कुटुंबांना यादृच्छिक पद्धतीने वेगवेगळे विमे दिले गेले. कुणाला उपचार पूर्ण मोफत, कुणाला खर्चाचा २५, ५० किंवा ९५ टक्के वाटा स्वतः उचलायचा, आणि वर्षाला खिशातून किती जाईल याला कमाल मर्यादा. ९५ टक्के वाटा उचलणाऱ्यांचा खर्च मोफत गटापेक्षा साधारण ३० टक्क्यांनी कमी निघाला. पाठ्यपुस्तकात इतकंच येतं आणि विद्यार्थी ‘मॉरल हॅझर्ड सिद्ध’, म्हणजे विमा असला की लोक जास्त उपचार घेतात हे सिद्ध, असं लिहून मोकळा होतो. त्याच प्रयोगात हेही दिसलं होतं की स्वतःचा वाटा वाढला की लोक अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी करतात, आणि रक्तदाब जास्त असलेल्या गरीब रुग्णांना मोफत उपचारांचा खरा फायदा झाला होता. सरासरीच्या पोटात कोण आहे हे पाहण्याची सवय इथेच लागते.

ऑरेगॉनचा प्रयोग तर एक संपूर्ण सत्र पुरेल इतका समृद्ध आहे. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याकडे गरिबांच्या सरकारी विम्यासाठी मर्यादित जागा होत्या. सुमारे ९०,००० लोकांनी नावं दिली आणि सोडत काढली गेली. सुमारे ३०,००० जणांची नावं निघाली, पण नाव निघालं म्हणजे विमा मिळाला असं झालं नाही. अर्ज भरायचा होता, पात्रता दाखवायची होती. निवडलेल्यांपैकी जेमतेम तीस टक्के लोक शेवटी विम्यात आले. आता विद्यार्थ्यांना विचारा, तुलना कुणाची कुणाशी करायची? विमा मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी केली तर सोडतीचा सगळा फायदा गेला, कारण अर्ज चिकाटीने पूर्ण करणारा माणूस मुळात वेगळा असतो. तुलना नाव निघालेल्यांची नाव न निघालेल्यांशी करावी लागते, आणि मग विमा मिळण्याच्या शक्यतेत पडलेल्या फरकाने भागावं लागतं. तो फरक साधारण २५ टक्केबिंदू होता. याला इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबलची पद्धत म्हणतात. ती फळ्यावर मॅट्रिक्समध्ये शिकवताना वर्ग झोपतो. हीच पद्धत सोडतीत नाव निघूनही अर्ज न भरलेल्या माणसापासून सुरू करा, वर्ग स्वतःच भागाकारापर्यंत पोहोचतो. मी हे घडताना पाहिलेलं आहे.

आणि निष्कर्ष वाचायला शिकवण्यासाठीही ऑरेगॉनसारखं उदाहरण नाही. विमा मिळालेल्यांच्या डोक्यावरून मोठ्या वैद्यकीय खर्चाचं ओझं जवळजवळ उतरलं. नैराश्याचं प्रमाण सुमारे ९ टक्केबिंदूंनी घटलं. आपत्कालीन विभागात जाणं मात्र सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं, तेव्हा विमा दिला की ही गर्दी आपोआप ओसरेल ही आशा टिकली नाही. रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातल्या साखरेच्या मापात दोन वर्षांत संख्याशास्त्रीय दृष्ट्या सार्थक फरक दिसला नाही. या शेवटच्या वाक्यावर वर्तमानपत्रांत वाद झाले. कुणी म्हणालं, विम्याने तब्येत सुधारत नाही. पण नमुन्यात मधुमेही मुळात थोडे होते आणि विश्वासांतर, म्हणजे आकडेवारीशी जुळणाऱ्या उत्तरांचा पल्ला, इतकं रुंद होतं की वैद्यकीय संशोधनावरून अपेक्षित असलेली सुधारणाही त्यात बसत होती. ‘परिणाम नाही’ आणि ‘परिणाम आहे की नाही ते या आकडेवारीवरून सांगता येत नाही’ यांतलं अंतर धोरण आखणाऱ्याला कळलं नाही तर हजारो माणसांचे उपचार बंद होऊ शकतात. हे अंतर शिकवायला आपल्या आजच्या अर्थमितीच्या पेपरात एक तासही नसतो, आणि याचं मला मनापासून दुःख आहे.

‘प्रयोग प्रत्येक वेळी कुठे शक्य असतो? वय, उत्पन्न असे सगळे चल समीकरणात घातले की झालं,’ असं अनेक सहकारी म्हणतात. त्यांनी इलिनॉय विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवर झालेला अभ्यास जरूर पाहावा. सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांतून यादृच्छिक पद्धतीने काहींना आरोग्यसंवर्धन कार्यक्रम देऊ केला गेला. संशोधकांनी मग दोन्ही तुलना करून पाहिल्या. कार्यक्रमात भाग घेणाऱ्यांची न घेणाऱ्यांशी तुलना केली, तर वैद्यकीय खर्चात मोठी बचत दिसे. सोडतीने पडलेल्या गटांची तुलना केली, तर ती बचत दिसत नव्हती. कारण स्पष्ट होतं. मुळात ज्यांचा वैद्यकीय खर्च कमी आणि सवयी चांगल्या, तेच कार्यक्रमात जास्त संख्येने आले होते. लोक तेच, वर्ष तेच, आकडेवारी तीच, आणि उत्तरं दोन. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी वर्गात दोन टप्प्यांत देते. आधी फक्त पहिली तुलना देते, विद्यार्थ्यांना शिफारस लिहायला सांगते, आणि ती लिहून झाल्यावर दुसरी देते.

सोडत नसेल तिथे निसर्गाने किंवा नियमाने आखलेली रेघ शोधावी लागते. इथे मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण पद्धत आणि प्रत्यक्ष परिस्थिती एकत्र का शिकवावी हे यातून नेमकं कळतं.

जन्मतः १,५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाला वैद्यकीय वर्गीकरणात अतिकमी वजनाचं मानलं जातं आणि त्याच्याकडे अधिक लक्ष दिलं जातं. १,४९० ग्रॅमचं बाळ आणि १,५१० ग्रॅमचं बाळ यांच्या प्रकृतीत फारसा फरक नसतो, पण उपचारांत फरक पडू शकतो. डग्लस आल्मंड, जोसेफ डॉयल, अमांडा कोवाल्स्की आणि हायडी विल्यम्स यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या जन्मनोंदी घेऊन ही रेघ तपासली. रेघेच्या जरा खालच्या बाळांवर खर्च जास्त झालेला दिसला आणि एक वर्षाच्या आतला मृत्युदर साधारण एक टक्केबिंदूने कमी दिसला. वजन कमी असूनही मृत्यू कमी! वाढीव उपचारांचा फायदा दाखवणारा हा पुरावा फार सुंदर आहे.

पुढच्याच वर्षी अ‍ॅलन बारेका, मेलनी गल्डी, जेसन लिंडो आणि ग्लेन वॅडेल यांनी त्याच रेघेकडे आणखी जवळून पाहिलं. प्रसूतिगृहात बाळ काट्यावर ठेवलं जातं तेव्हा काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. काही ठिकाणी काटा बारीक मोजतो आणि नर्स १,४९६ लिहिते. काही ठिकाणी काटा जुना असतो, घाई असते, आणि नोंदीत १,५०० असा गोल आकडा पडतो. त्यामुळे नेमक्या १,५०० वर नोंदींचा ढीग साचतो. या ढिगातली बाळं आजूबाजूच्या बाळांसारखी नव्हती. त्यांचा मृत्युदर रेघेच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त होता. आणि ढीग पडला होता रेघेच्या वरच्या बाजूला, म्हणजे ‘कमी उपचार’ मिळालेल्या गटात. तो बाजूला काढला की मूळ परिणाम बराच खाली येतो. मूळ लेखकांनी याला उत्तर दिलं आणि रुग्णालयांमधल्या फरकांचा विचार करून आपली बाजू मांडली. हा वाद वर्गात दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. ज्या विद्यार्थ्याला रेघेच्या दोन्ही बाजूंची अशी तुलना करण्याची पद्धत, म्हणजे रिग्रेशन डिस्कंटिन्युइटी, फक्त सूत्र म्हणून माहीत आहे, तो बँडविड्थ, म्हणजे रेघेपासून किती अंतरापर्यंतच्या नोंदी घ्यायच्या ते, बदलत बसेल. ज्याला वजन कसं नोंदवतात हे माहीत आहे, तो आधी आलेख काढून गोल आकड्यांवरचे ढीग पाहील.

अंतराचंही तसंच आहे. मार्क मॅक्लेलन, बार्बरा मॅकनील आणि जोसेफ न्यूहाउस यांनी १९९४ मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या दोन लाखांवर वृद्ध रुग्णांचा अभ्यास केला. अधिक आक्रमक उपचार मिळालेले रुग्ण कितीतरी जास्त जगताना दिसत होते. पण असे उपचार देणारं रुग्णालय घरापासून किती जास्त लांब आहे, याचा ऑरेगॉनच्या सोडतीसारखा साधन (इन्स्ट्रुमेंट) म्हणून वापर केला तेव्हा फायद्याचा बराचसा भाग विरून गेला. ही कल्पना शिकवायला उत्तम आहे आणि तिच्यावर शंका घ्यायला शिकवायलाही उत्तम आहे. रुग्णालयाजवळ राहणारी माणसं आणि लांब राहणारी माणसं सारखी असतात का? जवळच्या मोठ्या रुग्णालयात तो एकच उपचार चांगला मिळतो, की बाकी सगळंच चांगलं मिळतं? या प्रश्नांची उत्तरं कोणत्याही संख्याशास्त्रीय चाचणीत मिळत नाहीत. त्यासाठी रुग्णालय कसं चालतं हे माहीत असावं लागतं.

टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या योजनांबद्दल थोडक्यात सांगते. आरोग्य योजना सहसा एका दिवशी सगळीकडे येत नाहीत, आणि आपण अशा आकडेवारीवर डोळे मिटून दुहेरी स्थिर परिणामांचं, म्हणजे प्रदेशांमधले आणि वर्षांमधले कायमचे फरक वगळणारं, समीकरण चालवायला शिकवतो. योजना आधी मिळालेले प्रदेश नंतरच्यांसाठी तुलनागट म्हणून वापरले जातात आणि उत्तर भलतीकडे जाऊ शकतं, हे अँड्र्यू गुडमन-बेकन यांनी २०२१ च्या लेखात उलगडून दाखवलं आहे. हे अभ्यासक्रमात यायलाच हवं.

आता खर्चाच्या आकड्यांकडे वळते, कारण रोजच्या कामात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. आरोग्यखर्चाचा स्तंभ उघडला की आधी शून्यांची रांग दिसते, आणि शेवटी मूठभर प्रचंड आकडे. विद्यार्थ्याला शिकवलेलं असतं की वितरण असं एका बाजूला कललेलं असेल तर लॉग घ्या. तो घेतो. शून्याचा लॉग निघत नाही म्हणून आधी एक मिळवतो. मग लॉगच्या सरासरीवरून परत खर्च काढतो आणि तो आकडा अंदाजपत्रकात जातो. तीन रुग्णांचा खर्च १,०००, १०,००० आणि १,००,००० असा धरा. लॉगच्या सरासरीवरून परत आलं तर उत्तर येतं १०,०००. म्हणजे तिघांसाठी ३०,००० ची तरतूद होईल. प्रत्यक्षात लागतात १,११,०००. योजना वर्षाच्या मध्यातच कोरडी पडेल, आणि त्याचा फटका त्या तिसऱ्या रुग्णाला बसेल.

या अडचणीवर चाळीस वर्षांपूर्वीच काम झालेलं आहे. रँडच्या आकडेवारीतूनच दोन भागांचं मॉडेल रुजलं, म्हणजे आधी खर्च झाला का, आणि झाला असेल तर किती. नाइहुआ डुआन यांनी १९८३ मध्ये लॉगवरून मूळ मापात परतण्याची स्मिअरिंग ही पद्धत दिली. ती कुठे लंगडी पडते आणि अशा वेळी कोणतं मॉडेल निवडावं, यावर विलार्ड मॅनिंग आणि जॉन मलाही यांनी २००१ मध्ये लिहिलं. आरोग्य अर्थशास्त्रज्ञांनी स्वतःच्या गरजेतून घडवलेली ही अर्थमिती आहे आणि नेमकी तीच आपल्या दोन्ही पेपरांत नाही. एक पेपर तिला फार तांत्रिक समजतो, दुसरा फार विशिष्ट समजतो.

मॉडेल बरोबर असलं तरी शून्याचा अर्थ लावायचा राहतोच. एक शून्य निरोगी माणसाचं असतं. दुसरं शून्य अशा बाईचं असतं जिच्या पोटात महिनोन्‌महिने दुखतंय, पण पैसे नाहीत, रजा मिळत नाही, सोबत यायला कुणी नाही. फायलीत दोन्ही सारखीच दिसतात. तिसऱ्या प्रकारचा छोटा आकडा मृत्यूचा असतो. जो वर्षाच्या दुसऱ्याच महिन्यात गेला, त्याचा वार्षिक खर्च कमी दिसतो. मृत्यूचा हिशेब न ठेवता दोन रुग्णालयांची काटकसर मोजली, तर जिथे रुग्ण लवकर दगावतात ते रुग्णालय स्वस्त आणि कार्यक्षम ठरू शकतं. असं कोष्टक पाहिलं की मला राग येतो. ते बनवणाऱ्यापेक्षा ते बनवू देणाऱ्या शिक्षणाचा जास्त येतो.

खर्च म्हणजे गरज, हे समीकरण किती हानी करतं याचं उदाहरण २०१९ मध्ये झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलं. अमेरिकेत जास्त काळजीची गरज असलेले रुग्ण निवडण्यासाठी एक अल्गोरिदम वापरात होता. तो आजाराऐवजी भविष्यातल्या खर्चाचा अंदाज बांधायचा. कृष्णवर्णीय रुग्णांवर तितक्याच आजारासाठी कमी खर्च होत आला होता, त्यामुळे अल्गोरिदमला ते कमी आजारी वाटायचे. हा फरक दुरुस्त केला तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल असं संशोधकांनी दाखवलं. अंदाज बांधण्याचं तंत्र त्यात चुकलेलं नव्हतं. समीकरणातला डावीकडचा चल, म्हणजे ज्याचा अंदाज बांधायचा तोच, चुकला होता, आणि तो का चुकला हे समजायला आरोग्य अर्थशास्त्रच लागतं.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. दोन पेपरांऐवजी दोन सत्रांचा एकच जोड अभ्यासक्रम ठेवा आणि दोन्ही शिक्षकांना एकाच तासाला वर्गात उभं राहू द्या. प्रत्येक पद्धत एका खऱ्या प्रश्नाबरोबर यावी आणि त्या प्रश्नावर झालेल्या वादासकट यावी. लेखी परीक्षेचा निम्मा भार काढून तो एका कामावर टाका. प्रसिद्ध झालेला एखादा अभ्यास घ्यायचा, त्याची आकडेवारी मिळवायची, निकाल पुन्हा काढायचा, मग एक गृहीतक जाणीवपूर्वक बदलायचं आणि काय झालं ते मंडळींसमोर तोंडी समजावून सांगायचं. रँड आणि ऑरेगॉन या दोन्ही प्रयोगांची आकडेवारी संशोधकांसाठी खुली आहे, इलिनॉयचीही आहे, त्यामुळे आकडेवारी मिळत नाही ही सबब चालणार नाही. आणि सत्रात एकदा तरी विद्यार्थ्यांना रुग्णालयाच्या नोंदी विभागात बसू द्या. निदानाचा संकेतांक कोण टाकतं, दोन आजार असतील तर मुख्य कोणता धरतात, रुग्ण दुसरीकडे हलवला तर त्याची नोंद एक होते की दोन, हे तिथल्या कारकुनाइतकं नीट कुणालाच सांगता येत नाही. रुग्णांची गोपनीयता सांभाळून हे करता येतं. विद्यार्थ्याला रुग्णाचं नाव दिसण्याची काहीच गरज नसते.

आक्षेप मला माहीत आहेत. विद्यार्थ्यांचं गणित कच्चं आहे, हा पहिला. असेलही, पण वर सांगितलेल्या बहुतेक गोष्टींना सरासरी, भागाकार आणि एक बरा आलेख यापलीकडे सुरुवातीला काही लागत नाही. सिद्धता नंतर येऊ द्या, तोवर ती कशासाठी हवी हे कळलेलं असेल. दुसरा आक्षेप, सिद्धांत मागे पडेल. मायकेल ग्रॉसमन यांनी १९७२ मध्ये आरोग्याकडे भांडवल म्हणून पाहणारं मॉडेल मांडलं. ते शिकवून लगेच विचारा की शिक्षणामुळे आरोग्य सुधारतं, आरोग्यामुळे शिक्षण पूर्ण होतं, की दोन्हींमागे तिसरंच काही आहे, आणि हे वेगळं कसं करणार. सिद्धांत त्या प्रश्नात पक्का होतो. तिसरा आक्षेप शिक्षकांच्या वेळेचा आहे आणि तो खरा आहे. दोन शिक्षक एका तासाला उभे राहिले तर दोघांच्याही कार्यभारात तो तास पूर्ण मोजला गेला पाहिजे. हे आपल्या अधिकारात आहे. ते झालं नाही तर बाकी काहीच होणार नाही, हे मी स्पष्टपणे सांगते.

सगळीकडे एकदम बदल करा असं मी म्हणत नाही. येत्या फेररचनेत एका तुकडीसाठी हा जोड अभ्यासक्रम सुरू करा आणि दुसरी तुकडी जुन्याच पद्धतीने शिकू द्या. कोण कोणत्या तुकडीत जाणार हे सोडतीने ठरवा, आणि वर्षाच्या शेवटी दोन्ही तुकड्यांना तोच अनोळखी अभ्यास तपासायला द्या. तासवार मसुदा, आकडेवारीच्या फायली आणि सरावाची कामं मी तयार ठेवली आहेत. मंडळाच्या बैठकीत येऊन ती मांडायची माझी तयारी आहे. मसुदा मान्य नसेल तर कोणत्या मुद्द्यावर नाही ते लेखी कळवावं, म्हणजे पुढच्या बैठकीआधी त्यात दुरुस्ती करता येईल.

आपली नम्र,
आरोग्यखर्चाच्या आकडेवारीवर काम करणारी एक शिक्षिका